रिकामी खुर्ची दिसेल एवढाच गट

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दोन आठवड्यांपूर्वी आपल्या वाचकांच्या पत्रांत पुण्याला नोकरी करणाऱ्या एका मुलाचे पत्र आले होते. आई सांगलीत विश्रामबागेत एकटी, वय ७८. तो सकाळ-संध्याकाळ फोन करतो, दारावर कॅमेरा बसवला आहे, कामाला बाई येते, औषधे घरपोच मिळतात. तरी रात्री मध्येच जाग येते आणि आई पडली तर कोणाला कळणार, हा विचार डोक्यातून जात नाही, असे त्याने लिहिले होते. ते पत्र कापून मी माझ्या बायबलात ठेवले आहे. रोज बायबल उघडले की ते समोर येते. म्हणून आज लिहायला बसले. पत्र लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

मी वानलेसवाडीत राहते. हे नाव कुठून आले ते आता नव्या लोकांना ठाऊक नसते. डॉ. विल्यम वानलेस या कॅनडाच्या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेत इस्पितळ सुरू केले. पुढे क्षयरोग्यांसाठी इकडे माळावर आरोग्यधाम झाले आणि त्याच्या आसऱ्याने नर्सेस, कंपाउंडर, शिक्षक, पाळक (म्हणजे चर्चचे धर्मगुरू) अशी आमची ख्रिस्ती वस्ती वाढली. मीही नर्स. ३३ वर्षे नोकरी करून निवृत्त झाले. यजमान रेल्वेत होते, मिरज जंक्शनला. ते जाऊन सहा वर्षे झाली. एक मुलगी नाशिकला, एक दुबईला. त्या पत्रातल्या आईच्या जागी मीच आहे म्हणा ना.

आता २०१६ च्या जुलैत काय झाले ते सांगते. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक निवृत्त शिक्षिका होत्या. अर्ध्या मंडळीला त्यांनी शिकवलेले, त्यामुळे सगळे त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत. त्या एकट्या राहायच्या. शनिवारी सकाळी मोरीत घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले, दारापर्यंत सरकताही येईना. सोमवारी सकाळी दूधवाल्याला दाराला अडकवलेल्या पिशवीत दोन दिवसांच्या दुधाच्या पिशव्या तशाच दिसल्या, तेव्हा त्याने शेजाऱ्यांना हाक मारली. दार फोडून आत गेलो तेव्हा त्या शुद्धीवर होत्या. पाठीला जखमा झाल्या होत्या, लघवी जवळजवळ बंद झाली होती, ओठांना कोरड पडून चिरा गेल्या होत्या. मी नर्स, मी पुष्कळ पाहिले आहे. पण ज्या माणसाने आपल्याला धडे दिले त्याला तसे मोरीच्या फरशीवर पाहणे वेगळे.

मधल्या रविवारी उपासना झाली होती. बाई डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसायच्या, कित्येक वर्षे त्याच जागी. मी त्यांच्या मागे दोन बाक सोडून. त्या रविवारी गीते झाली, शास्त्रपाठ झाला, अर्पण झाले, उपदेश झाला, बाहेर येऊन आम्ही एकमेकींना ‘जय ख्रिस्त’ केले आणि घरी गेलो. चारशे माणसांच्या मंडळीत बाई नाहीत हे एकाच्याही लक्षात आले नाही. माझ्याही नाही. त्यांची जागा मला रिकामी दिसली नाही, कारण तिथे दुसरे कोणीतरी बसले होते.

त्यांची शस्त्रक्रिया झाली, पुढे दोन वर्षे त्या जगल्या, कोणाला एक शब्द बोलल्या नाहीत. मी एकदा त्यांच्या पायाशी बसून माफी मागितली तेव्हा म्हणाल्या, “अगं, एवढ्या गर्दीत कसं दिसणार?” हे त्यांनी मला समजून घेऊन म्हटले. मला मात्र ते अजून टोचते. गर्दीत दिसत नाही हे खरेच आहे. मग गर्दी लहान करायला हवी.

त्यानंतरच्या महिन्यात पाळकसाहेबांनी बायबलातल्या निर्गमच्या पुस्तकातला अठरावा अध्याय वाचला. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे गाऱ्हाणे ऐकत बसलेला आहे आणि त्याचा सासरा इथ्रो त्याला सांगतो आहे की, तू करतोस हे बरे नाही, तूही थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसे नेम. पाळकसाहेब म्हणाले, आपल्याकडे शंभरांवरची माणसे आहेत, त्यांना आपण वडील मंडळ म्हणतो. दहांवरचे कोणी नाही. मग मंडळीच्या हॉलमध्ये मोठ्या टेबलावर सगळ्या घरांची यादी पसरली आणि गल्ली-गल्लीप्रमाणे गट पाडले. कोणी याला ‘सेल’ म्हणते, कोणी ‘कॉटेज प्रेयर’. आम्ही ‘घरसंगती’ म्हणतो. माझ्या वाट्याला नऊ घरे आली.

यात नवे काही नाही. पहिल्या ख्रिस्ती लोकांना स्वतःचे मंदिरच नव्हते. बायबलात प्रेषितांच्या कृत्यांत ते घरोघरी भाकर मोडत होते असे लिहिले आहे. पौलाने रोमकरांना पत्र लिहिताना प्रिस्का आणि अक्विला या जोडप्याच्या ‘घरी जमणाऱ्या मंडळीला’ सलाम पाठवला आहे. ते दोघे तंबू शिवण्याचा धंदा करत. म्हणजे कापडाच्या आणि दोऱ्याच्या पसाऱ्यातच मंडळी बसत असणार, असे मला नेहमी वाटते.

आमचा वार गुरुवार, संध्याकाळी सात ते आठ. आठ वाजले की मी घड्याळाकडे पाहते, कारण मुलांचा अभ्यास असतो, कोणाचा रात्रपाळीचा डबा असतो. आधी एक गीत, मग थोडा शास्त्रपाठ. त्यावर उपदेश कोणी करायचा नाही, हा नियम. प्रत्येकाने एक वाक्य बोलायचे, नाही बोलले तरी चालते. आणि मग खरा वेळ: आठवडा कसा गेला. सुरुवातीला दोन-तीन महिने सगळ्यांचे उत्तर एकच, ‘प्रभूच्या कृपेने बरं आहे.’ चौथ्या महिन्यात एका तरुण मुलीने सांगितले की तिला दिवस राहिले होते आणि गर्भ पडला, घरात कोणाला सांगितलेले नाही. त्या रात्री आम्ही आठला उठलो नाही.

खाण्याबद्दल जरा सांगते, कारण यावर आमचा गट मोडायला आला होता. पहिल्या घरी चहा-बिस्किटे झाली, दुसऱ्या घरी पोहे, तिसऱ्या घरी इडली-चटणी, चौथ्या घरी गुलाबजाम. पाचवे घर एका मजुराचे होते. त्या बाईने दोनदा काही ना काही सबब सांगून आपली पाळी पुढे ढकलली. तिसऱ्यांदा ढकलली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तेव्हापासून फक्त चहा, आणि सोबत काही हवेच असेल तर बशीभर भडंग. घर कोणाचेही असो. त्या बाईच्या घरी पुढच्याच गुरुवारी गेलो. दहा बाय बाराची खोली, आम्ही तेरा जण, अर्धे दारात आणि पायरीवर. तिच्या सासूने सगळ्यांना आपल्या हाताने कप दिले. मंडळीत इतकी वर्षे त्या म्हातारीचा आवाज मी ऐकला नव्हता. त्या दिवशी तिने जुने गीत संपूर्ण पाठ म्हटले, सहाही कडवी.

दुसरी गोष्ट सांगताना मला लाज वाटते, पण सांगते, कारण घरसंगती सुरू करणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक असायला हवी. गटातल्या एका ताईने मुलगा पितो हे रडत सांगितले आणि प्रार्थना करा म्हणाली. मी शनिवारी माझ्या एका मैत्रिणीला फोनवर सांगितले, ‘अमक्या ताईंच्या मुलासाठी प्रार्थना कर हं, फार पितो.’ माझ्या मनात खोट नव्हती. रविवारी उपासनेनंतर त्या ताईला आवारात तिसऱ्याच बाईने विचारले, “मुलगा सुधारला का?” ताई गटात यायची बंद झाली. प्रार्थनाविषयाची बातमी मी केली होती. पाच महिने मी तिच्या घरी जात राहिले, दोनदा तिने दारही उघडले नाही. नंतर ती परत आली, तो तिचा मोठेपणा. आता दर गुरुवारी प्रार्थनेआधी मी मोठ्याने म्हणते, ‘इथलं इथंच.’ लहान मुलेसुद्धा ते माझ्याबरोबर म्हणतात.

तिसरी अडचण वाढीची. गट चांगला चालला की लोक येतात. दोन वर्षांत आम्ही १९ जण झालो. लोकांना आनंद झाला, वडील मंडळाने तर उपासनेत कौतुक केले. पण मला दिसायला लागले की चार जण बोलतात आणि पंधरा ऐकतात. एका गुरुवारी एक आजोबा आले नव्हते आणि ते मला घरी जाऊन भांडी घासताना आठवले. माझ्या हातातले भांडे तसेच राहिले. पुन्हा तेच झाले होते! त्याच आठवड्यात मी पाळकसाहेबांना सांगितले की गटाचे दोन करा. फार रडारड झाली. ‘आमचं घर मोडताय’ असे मला तोंडावर म्हणणारेही होते. पण बारा-तेराच्या पुढे गट गेला की तो छोटी मंडळी होतो, आणि मंडळी तर आमच्याकडे आधीच आहे. दोनातला एक गट आजही चालतो. दुसऱ्याचे प्रमुख बदलीवर गेले आणि तो वर्षभरात बंद पडला, त्यातली काही घरे पुन्हा तुटली. हे मी लपवत नाही. पुढचा माणूस तयार न करता गट वेगळा केला, ती आमची चूक होती.

माझ्या गटातल्या एक काकू भिशी चालवतात. त्यांनी एकदा सहज म्हटले की, आमच्या भिशीला एखादी आली नाही तर पाच मिनिटांत तिला फोन जातो. खरेच आहे, पैसे अडकलेले असतात ना! मला त्यावरून नर्सिंग शाळेत असताना एका मिशनरी बाईंनी सांगितलेली गोष्ट आठवली. इंग्लंडात ब्रिस्टल येथे जॉन वेस्ली या धर्मोपदेशकांच्या लोकांनी सभागृह बांधले होते आणि त्यावर कर्ज होते. १७४२ साली ते फेडण्याचा विचार चालला असताना एक कप्तान म्हणाला, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला, पुष्कळजण गरीब आहेत, ते कुठून देणार? तेव्हा कप्तान म्हणाला की, सगळ्यांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या. ते देतील तर ठीक, नाही तर त्यांचे मी भरीन. मग बाराबारांचे गट झाले आणि प्रत्येक गटाचा प्रमुख पेनी गोळा करायला दर आठवड्याला घरोघरी जाऊ लागला. गेल्यावर त्याला कळायचे की कोणी आजारी आहे, कोणी बायकोला मारतो, कोणाकडे चूल पेटलेली नाही. वसुलीला गेलेला माणूस सांभाळ करणारा झाला. पुढे तेच गट एकत्र बसू लागले आणि वेस्लींच्या मेथडिस्ट पंथाचा ते पाया झाले. आमच्या घरसंगतीत पैसे गोळा करायचे नाहीत असा नियम आहे, आणि तो हवाच, कारण पैसा आला की संशय येतो. पण भिशीतली ती पाच मिनिटांच्या फोनची सवय मात्र आम्ही उचलली. गुरुवारी सव्वासातपर्यंत जो आला नाही आणि ज्याने कळवले नाही, त्याला फोन. फोन उचलला नाही तर दोघांनी उठून घरी जायचे. प्रार्थना चालू असली तरी.

याचे मोल ऑगस्ट २०१९ मध्ये सगळ्या मंडळीला कळले. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. आमच्याकडे माळाला पाणी नव्हते, पण खणभाग, गावभाग, स्टेशन रोड सगळे पाण्यात. आमच्या खणभागातल्या गटाच्या प्रमुख बाईंकडे एक शंभरपानी वही होती. कोणाच्या घरात कोण, कोणत्या मजल्यावर, कोणाला साखर, कोणाला रक्तदाब, कोणाची मुले कुठे, असे सगळे त्यात. ती वही कोणी सांगून केलेली नव्हती. दर आठवड्याला ऐकता ऐकता झालेली होती. दुसऱ्या मजल्यावर अडकलेल्या एका आजींना इन्सुलिन लागते आणि वीज गेल्यामुळे फ्रिज बंद आहे, हे त्या बाईंनी मला फोनवर सांगितले. आजी घर सोडायला तयार नव्हत्या. मी त्यांना फोनवर, चालू असलेली बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ सावलीत ठेवायला सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी बोटीतल्या जवानांबरोबर थर्मासमधून नवी पाठवली. चारशे माणसांच्या यादीत त्या आजींचे फक्त नाव आणि वर्गणीची नोंद होती.

त्याच पुरात पुरुष गटात आले. तोवर घरसंगती म्हणजे बायकांचे काम, असे समजून ते बाहेर मोटारसायकलवर बसून वाट पाहायचे. पाणी ओसरल्यावर चिखल काढायला, कपाटे उलटी करून धुवायला, भिजलेली गादी खाली फेकायला माणसे लागली, तेव्हा गटागटाने पुरुष गेले आणि नंतर गुरुवारीही येऊ लागले. बोलतात अजून कमीच. पण माझे यजमान शेवटी अंथरुणावर होते तेव्हा रात्रीची पाळी याच पुरुषांनी वाटून घेतली होती. मला, एका नर्सला, तीन आठवडे रात्री झोप मिळाली.

वडील मंडळातल्या काहींना या गटांची काळजी वाटते, तीही रास्त आहे. गटप्रमुख स्वतःला पाळक समजू लागतो, गट मंडळीपासून फुटतो, हे अनेक ठिकाणी झाले आहे. म्हणून प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, घरी होत नाही, ते मंडळीतच. प्रमुख आता दर दोन वर्षांनी बदलतो. यंदा माझी मुदत संपते आहे आणि पुढची प्रमुख ती भिशीवाल्या काकूंची सून आहे, वय ३१. मला वाईट वाटते आहे, पण सोडणार आहे.

अजून एक गोष्ट बोलायलाच हवी. घरात ख्रिस्ती लोक जमून गाणी म्हणतात म्हटले की हल्ली शेजाऱ्यांच्या मनात शंका येते. वर्तमानपत्रे मीही वाचते. मला एवढेच सांगायचे आहे की आमचे दार गुरुवारी उघडेच असते. आमच्या गल्लीतल्या एक मराठा काकू गेली चार वर्षे येतात. त्यांचा देव्हारा त्यांच्या घरी आहे, सोमवारचा उपवास त्या करतात, त्यात आम्ही कधी बोट घातलेले नाही आणि घालणारही नाही. नवरा गेल्यावर घर खायला उठायचे, म्हणून त्या यायला लागल्या. माझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पंधरा दिवस माझी भाकरी त्यांनी केली. शेजारच्या साताऱ्यात रेव्हरंड नारायण वामन टिळक आयुष्याच्या अखेरीस, १९१७ च्या सुमारास, मिशनची नोकरी सोडून राहिले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही माणसांना त्यात जागा होती. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले आणि तो दरबार काही फार वाढला नाही. पण आमच्या सतरंजीवर काकू भिंतीला टेकून बसतात तेव्हा मला त्याची आठवण होते.

आता त्या पुण्याच्या मुलासाठी. भाऊ, तुम्ही कोणत्या धर्माचे, तुमच्या आई कोणाला मानतात, मला माहीत नाही आणि विचारायचेही नाही. कॅमेरा आई पडलेली दाखवील, पण ती आज नेहमीपेक्षा कमी बोलली, चपला उलट्या पायांत घातल्या, तिसऱ्यांदा तीच गोष्ट सांगितली, हे समोर बसलेल्या माणसालाच कळते. तुमच्या सोसायटीत भजनी मंडळ असेल, बचत गट असेल, हास्यक्लब असेल, तर आईंना त्यातल्या एखाद्या लहान गटात घालून द्या, मोठ्यात नको. आणि तिथल्या एका बाईला तुमचा नंबर द्या.

तसे काही जवळ नसेल, तर माझा फोन नंबर मी संपादकांकडे दिला आहे, त्यांच्याकडून घ्या. विश्रामबाग आमच्यापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. आईंची हरकत नसेल तर मी आणि त्या मराठा काकू अशा दोघी एखाद्या सकाळी येऊन जाऊ. येताना बायबल आणणार नाही, भडंग आणू. त्यांना दात नसतील तर तसे आधी कळवा, म्हणजे रव्याचा लाडू करून आणीन.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
वानलेसवाडी, सांगली